कंदील

वखारभागात, हळदीच्या अडतीवर, दुसऱ्या मजल्यावर ऑफिस.
खालून पिवळी धूळ चढते
आणि कीबोर्डच्या फटींत बसते.
मी इथे कोळशाचं वीजकेंद्र काढते,
पाचशे मेगावॉटचं.
अजून एकही खडा जळलेला नाही.

चिमणीकडे निघालेला धूर मी वाटेत अडवते.
राख झटकते, गंधक धुते,
चाळीस अंशांपर्यंत निववते
आणि उंच मनोऱ्यात तळातून सोडते.
वरून अमाइनची धार.
ती कर्बवायूला बिलगते,
नायट्रोजनला ओळखही दाखवत नाही.
शेजारच्या मनोऱ्यात, एकशेवीस अंशांवर,
तिची मिठी सोडवावी लागते.
त्याला वाफ लागते,
वाफ टर्बाइनच्या तोंडची काढावी लागते.
कसाही मांडला हिशेब
तरी चौथाई वीज
स्वतःचाच धूर निस्तरण्यात जाते.

काटदरे साहेब म्हणतात, चौथाई नको,
‘पूरक वापर’ लिही.
लिहिते. आकडा तोच राहतो.
शंभरातले नव्वद पकडले जातात.
उरलेले दहा कुणाच्या खात्यावर
हे विचारायला तक्त्यात रकाना नाही.

शेवटी एक बाण.
दाबून दाबून जड केलेला वायू
नळीतून खानापूरच्या माळाकडे,
माळाखालच्या काळ्या कातळात.
पण कातळ कागदावर मावत नाही.
बाण समासाला टेकतो, तिथे बारीक अक्षरांत:
साठवण – दुसऱ्यांकडून.

रात्रपाळीचे दस्तगीरचाचा नदाफ
चहाचे ग्लास न्यायला आले आणि वाकून बघत राहिले.
‘ह्यो बाण कुठं जातुय?’
जमिनीत.
‘किती वर्सं?’
कायमचा.
ते हसले नाहीत, हे मला लागलं.

‘हरिपूरला आमी पेवात हळद भरायचो.
तोंड चिंचोळं, आत घागरीवानी पोट,
कडंनं उसाचा पाला, वर माती लिंपली की झालं.
धा-धा वर्सं कीड न्हाई.
पेव न उघडता हळद तीनदा इकली जायाची,
पावती फिरायची नुसती.
पर उघडलं म्हंजे लगीच उतरायचं न्हाई.
दोरीनं कंदील खाली सोडायचा.
इझला तर गप बसायचं, वारं खेळूस्तवर.
माझा चुलता बसला न्हाई.’

कशानं विझायचा कंदील?
‘कोंदट म्हणायचो. नाव कुणाला ठावं.’

नाव मला ठाऊक होतं.
सकाळपासून तेच तर पकडत होते,
टनाटनानं, दर तासाला,
आणि बाणाच्या टोकाला देऊन हात झटकत होते.

मी म्हणाले, चाचा, ही माती नव्हे, कातळ आहे.
वायू पाण्यासोबत त्याच्या छिद्रांत शिरतो
आणि हळूहळू दगड होतो.
‘बघितलंय कुणी?’
एका थंड देशात बघितलंय. दोन वर्षांत झाला.
‘हितं?’
इथं अजून नाही.
‘पेवालाबी काय हुत न्हाई म्हणायचे.
मग पाच साली किस्ना आली.’
पुढे काही बोलले नाहीत.
चार ग्लास एका हाताच्या बोटांत अडकवून
जिना उतरले.

साडेअकराला मी कागद मोठा केला.
समास पुसला, बाण लांबवला,
कातळाचे थर काढले, अंदाजाने, तुटक रेषेत.
‘दुसऱ्यांकडून’ खोडताना हात अडखळला.
पगार त्या शब्दाच्या अलीकडच्या कामाचा आहे.
मग नळीपासून दूर, माळावर,
एक बारीक भोक: निरीक्षण विहीर.
तिच्यात वरून लोंबणारा मोजमापाचा यंत्रगोळा.
त्याला क्रमांक हवा होता.
कं-१.

सकाळी साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
‘हे वाढीव काम कुणी सांगितलं?
आणि कं म्हणजे कंप्रेसर ना? तो तर मागेच होऊन गेला.’

पाळी संपवून घरी निघालेले चाचा
हातात चपला घेऊन
दारातच थांबले.